मोहरीतलं ‘नाही’

नवल पहिल्यांदा सुलक्षणासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत मातीच्या पिशव्या होत्या आणि तिने त्याची चांगलीच हजेरी घेतली होती.

“भाऊ, चार पिशव्या आणल्यात आणि एकीवरही चिठ्ठी नाही. कुठल्या तुकड्यातली कुठली माती, हे मी काय वासावरून ओळखू?”

जळगावातली ती एक खासगी माती परीक्षण प्रयोगशाळा. सुलक्षणा तिथे सहा वर्षांपासून काम करत होती. नवल मात्र पार धुळ्याकडून आलेला. लळिंगच्या किल्ल्याखाली, महामार्गाला लागून, बापलेकांचं आठ एकर वावर. आई सात वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून स्वयंपाकही दोघं मिळूनच करत, भाकरी वडील, म्हणजे झुलालआबा, आणि भाजी नवल. कुणीतरी सांगितलं की जळगावची ती लॅब नीट समजावून सांगते, म्हणून तो एवढ्या लांब आला, आणि बोलणी खाऊन परत गेला.

पुढच्या वेळी प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी होती. शिवाय सगळ्या वावराचा हाताने काढलेला नकाशा. विहीर, बांध, दोन निंब, उताराची दिशा, सगळं दाखवलेलं. सुलक्षणा तो कागद बराच वेळ बघत राहिली आणि हसली. त्यानंतर लळिंगच्या मातीचे नमुने जळगावला जरा जास्तच येऊ लागले. आठ एकरांना एवढे नमुने लागत नाहीत हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण तिने ते बोलून दाखवलं नाही, आणि वर्षभराने त्याला ‘भाऊ’ म्हणायचंही सोडून दिलं.

लॅबसमोरच्या टपरीवर चहा घेताना एकदा तिनेच विषय काढला. तिचा साखरपुडा झाला होता, तीन वर्षांपूर्वी. मुलगा पुण्याला कंपनीत. हॉल ठरला, पत्रिका छापून आल्या, आणि लग्नाला अठरा दिवस उरले असताना मुलाच्या मामाचा फोन आला, की आमचं जमत नाही. कारण नाही, काही नाही.

“मोडलं त्याचं एवढं वाईट नाही वाटलं,” ती म्हणाली. “पण नंतर बसून विचार केला ना, तेव्हा लक्षात आलं, मला कुणी काही विचारलंच नव्हतं. ते लोक बघायला आले, उंची विचारली, पगार विचारला, पोह्यांत मीठ जास्त झालं म्हणाले. मग तिकडून अण्णांना, माझ्या वडिलांना, फोन आला, पसंत आहे. अण्णांनी मला सांगितलं, ठरलं. मोडलं तेव्हाही तसंच. अण्णांनी सांगितलं, मोडलं. माझं लग्न ठरलं आणि मोडलं, आणि मी कुठे ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही.”

नवलने चहाचा कप खाली ठेवला. काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटलं. पण तो बोलण्यातला माणूसच नव्हता. बत्तीस वर्षांचा झाला होता आणि तीन ठिकाणच्या मंडळींनी त्याला एकाच वाक्यात निकालात काढलं होतं. मुलगा काय करतो? शेती. बरं, कळवतो. त्या तिघांकडूनही काही कळलं नव्हतं.

धुळ्याच्या परतीच्या बसमध्ये, एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत, तो एकच विचार करत होता. हिला विचारायचं. नुसतं बरोबर फिरत राहून, दोन्ही घरांनी गृहीत धरावं असं नाही. चक्क विचारायचं, आणि असं विचारायचं की मागे फिरून कुणी म्हणू शकणार नाही, हिला विचारलंच नव्हतं.

कल्पना त्याला किल्ल्यावर सुचली. हरवलेली शेळी शोधत तो वर गेला होता. वरच्या पाण्याच्या टाक्यांजवळ उभं राहून त्याने खाली पाहिलं, तर त्याचं अख्खं वावर पाटीसारखं समोर पडलेलं. कांद्याचा पट्टा वेगळा दिसत होता, गव्हाचा वेगळा. पाटी आहे तर लिहिता येईल, एवढंच त्याच्या मनात आलं.

दिवाळी झाल्यावर दोन एकरांत त्याने हरभरा पेरला. हरभरा बुटका आणि हिरवा. त्यात मोहरी पेरली तर ती वर उठून दिसणार, आणि पौषात तिला पिवळी फुलं येणार. चौकटीच्या वहीत त्याने अक्षरं आखली. एक चौकट म्हणजे पाच फूट. मग दोरी, खुंट्या आणि चुन्याची फक्की घेऊन चार दिवस पहाटे पहाटे वावरात अक्षरं उमटवली आणि हाताने मोहरीचं बी टाकलं. वरच्या ओळीत ‘लग्न करशील?’ आणि तिच्याखाली, डाव्या बाजूला, ‘हो’.

‘हो’पाशी आल्यावर तो थांबला. टपरीवरचा चहा आठवला. नुसतं ‘हो’ लिहिलं तर मग विचारलं काय? त्याने वहीचं पान फाडलं आणि नवीन आखणी केली. उजव्या बाजूला, विहिरीकडे, ‘नाही’ पेरलं. ‘हो’ एवढ्याच उंचीचं. विहिरीकडची जमीन जास्त कसदार होती, त्यामुळे ‘नाही’च जास्त दाट उगवणार हे त्याला माहीत होतं. तसंच असू दे म्हणाला.

झुलालआबांना त्याने खरं सांगितलं नाही. लाज वाटली. महिन्याभराने मोहरी वर आली तेव्हा आबा बांधावर उभे राहून म्हणाले, “नवल, हाई मोहरी दारू पिईसन पेरी का रे? एक वळ सरळ नही शे.”

“किडीसाठी शे, आबा,” नवल म्हणाला. मोहरी कीड स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं, आणि आबांनीही पुढे काही विचारलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सुलक्षणा येणार असं ठरलं. घरी तिने सांगितलं होतं, धुळ्याकडे मातीचे नमुने घ्यायला जाते. नवल शनिवारीच जळगावला गेला. ठिबकच्या सामानाचं एक प्रदर्शन होतं, ते बघून मित्राकडे राहिला आणि रविवारी सकाळी दोघं एकाच बसने धुळ्याला आले. धुळ्याच्या स्टँडवर त्याने मोटरसायकल ठेवली होती. लळिंगला पोचल्यावर त्याने गाडी वावराकडे वळवलीच नाही, सरळ किल्ल्याच्या पायथ्याशी लावली.

“आधी वर जाऊ,” तो म्हणाला. “वावर वरून बघ. मग खाली जाऊ.”

वाट चढताना सुलक्षणा तीनदा थांबली, पाणी प्यायली, आणि मातीचे नमुने गडावरून कोण घेतं असं विचारून त्याला छळलं. वर पोचल्यावर त्याने तिला म्हटलं, डोळे मीट. स्वतः मात्र खाली न बघता, तिच्याकडेच बघत, तिला कड्याच्या जरा अलीकडे नेऊन उभं केलं.

“आता बघ.”

ती बघत राहिली. हसू नाही, काही नाही. तिच्या कपाळावर एक आठी आली, तशी नवलने मान वळवली.

हिरव्यागार हरभऱ्यात पिवळंधमक, ठसठशीत एकच अक्षर होतं. ‘हो’. बाकी दोन एकरांत मोहरीचं एक फूल नव्हतं.

“हे काय आहे?” सुलक्षणाने विचारलं.

नवलच्या तोंडून जे पहिलं बाहेर पडलं ते असं, “‘नाही’ कुठे गेलं?”

“काय?”

“तिथे ‘नाही’ होतं. विहिरीकडे. आणि वर सगळा प्रश्न होता. लग्न करशील असा. शपथ. मी शुक्रवारी संध्याकाळी पाहिलंय.”

ती त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा त्याने याआधी असा कधी पाहिला नव्हता.

“प्रश्न नाही, फक्त उत्तर. तेही माझं. पेरून तयार,” ती म्हणाली. “नवल, मी तुला चहाच्या टपरीवर काय सांगितलं होतं? तुला एकट्याला सांगितलं होतं मी ते.”

“म्हणूनच तर—”

“सगळे असंच करतात. तू जरा मोठ्या अक्षरात केलंस, एवढंच.”

ती उतरायला लागली. नवल मागोमाग. उताराच्या वाटेवर त्याने काय काय सांगायचा प्रयत्न केला, वहीतल्या चौकटी, फक्की, फाडलेलं पान. पण धापा टाकत सांगितलेलं काही धड जुळत नव्हतं, आणि ती ऐकतेय की नाही हेही कळत नव्हतं. मोटरसायकलपाशी ती थांबली.

“मला स्टँडवर सोड.”

“सोडतो,” नवल म्हणाला. “पण आधी पाच मिनिटं वावरात चल. तू माती ओळखतेस. माझं नको ऐकू, माती बघ.”

कोण जाणे तिला काय वाटलं, पण ती गाडीवर बसली.

विहिरीशेजारी उपटलेल्या मोहरीचा ढीग पडला होता, कंबरेएवढा. शेंड्यांवर फुलं अजून टवटवीत होती. दोन गाई त्यातलं निवांत खात होत्या. झुलालआबा निंबाखाली बसले होते. पोरगा एका अनोळखी मुलीला घेऊन आलेला बघून ते उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपी नीट केली.

“आबा, मोहरी कोनी उपटी?” नवलचा आवाज चढला होता.

आबा गडबडले. “मीच सांगं बेबाबाईले. लोके हासत व्हतात रे. रस्तावरना मानसे थांबी थांबी दखेत आनि हासेत. म्हनं, तू येवाना पहिले साफ करी टाकू.”

निंदणीला येणाऱ्या बायांची मुकादम बेबाबाई बांधावरच होती, भाकरीचं फडकं आवरत. ती पुढे आली. “आम्ही तं गवतनागत उपटी टाकं, भाऊ. विहिरपाशी दाट व्हती, तठेथून लागलो. मंग वरलं बठ्ठं काढं. शेवटले पानी पिवाले मी विहिरना कठडावर चढनू, तवय माले दिसनं, अरे, हाई तं अक्षर शे! मी सातवी पास शे भाऊ. तठेच बायासले थांबाडं. तेवढंच एक वाचनं.”

सुलक्षणा यातलं काही ऐकत नव्हती. ती हरभऱ्यात शिरली होती. विहिरीच्या बाजूला ती खाली बसली आणि तिने मातीला हात लावला. हरभऱ्याच्या ओळींमधली माती कोरडी होऊन वरून धरलेली, तिच्यावर बारीक भेगा. पण मधूनच एक पट्टा भुसभुशीत, मुळांसकट काहीतरी ओढून काढल्यावर होतो तसा. तिने तो पट्टा बोटाने चाचपला. मग उठून त्याच्यावरून चालायला लागली. पट्टा सरळ खाली गेला, थांबला. ती वळून वर आली, आडव्या रेघेवरून पुढे सरकली, पुन्हा सरळ खाली, तो काना. नवल, आबा आणि बेबाबाई तिघंही बांधावरून बघत होते. ती एक पाऊल टाकी, वाकून बघे आणि पुढचं टाके. मग ‘ही’च्या दीर्घ वेलांटीवरून ती गोल वळली.

शेवटच्या टोकाला ती उभी राहिली. चपला मातीने भरल्या होत्या.

“ना, ही,” ती मोठ्याने म्हणाली. “खरंच होतं.”

“‘हो’पेक्षा जास्त बी पडलं होतं तिकडे,” नवल म्हणाला.

झुलालआबांना आता कुठे सगळा उलगडा झाला. ते नेसत्या धोतरावर हात पुसत पुढे आले. “पोरी, मन्ही चूक शे. तू त्याले काही बोलू नको. माले वाचता येस, पन एवढं मोठं कधी वाचेल नही.”

त्यावर ती हसली. किल्ल्यावरून उतरल्यापासून पहिल्यांदा. नवलला वाटलं, छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून बाजूला केलं.

बेबाबाई शहाणी बाई. आबांना म्हणाली, चला आबा, गाईसले पानी पाजू, आणि त्यांना घेऊन विहिरीच्या पलीकडे गेली.

“आता पेरलेलं सगळं गेलं,” सुलक्षणा म्हणाली. “आता?”

नवल म्हणाला, “आता तोंडाने विचारतो. सुलक्षणा, माझ्याशी लग्न करशील का? शेती आहे. घरात आम्ही दोघंच. आबा भाकरी चांगली करतात. तू नाही म्हणालीस तरी तुझ्या लॅबला माझी माती येत राहील, त्याचा काही संबंध नाही.”

एवढं लांब तो आयुष्यात एका दमात बोलला नव्हता. ती म्हणाली, “मला आठ दिवस दे. विचार करून सांगते.”

दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. नवलला ते बरोबर वाटलं. त्याने तिला धुळ्याला स्टँडवर सोडलं, बस सुटेपर्यंत थांबला आणि घरी आला. आबांनी दोनदा विचारलं, “काय म्हनी?” तो म्हणाला, “आठ दिन.” मग आबाच दिवस मोजू लागले.

पाचव्या दिवशी दुपारी, नवल विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज बदलत असताना तिचा फोन आला. आवाजात जेवणाच्या सुट्टीतला गलका होता.

“हो,” ती म्हणाली. “नीट ऐकलंस ना? हो म्हणतेय. तीन दिवस मी नाहीचा विचार केला, प्रामाणिकपणे केला. नाही जमलं.”

नवल विहिरीच्या कठड्यावर बसला. आबा निंबाखालून बघत होते. त्याने मान हलवली, तसे आबांनी टोपी काढून आकाशाकडे पाहिलं आणि पुन्हा घातली.

पण तिचे वडील होतेच. शालिग्रामअण्णा हायस्कूलमधून गणित शिकवून निवृत्त झालेले, जळगावातच पिंप्राळ्यात दोन खोल्या आणि वर गच्ची असं घर. साखरपुडा मोडल्यापासून त्यांनी लोकांत जाणं कमी केलं होतं. नवल आणि झुलालआबा तिथे गेले तेव्हा अण्णांनी पाहुणचार नीट केला. पण बैठकीत त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि परीक्षेला बसलेल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, “पाऊस नाही पडला तर?”

“तर वर्ष अवघड जातं,” नवल म्हणाला. “मागच्या वीसपैकी चार वर्षं तशी गेली. उपाशी नाही राहिलो, पण अवघड गेली.”

अण्णांना बहुधा वेगळ्या उत्तराची अपेक्षा होती. “आणि हिची नोकरी जळगावला. तुम्ही धुळ्याकडे. त्याचं काय ठरवलंय?”

“ते मी कसं ठरवू? तिला विचारा.”

सुलक्षणाच्या आई, यशोदाबाई, दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. अण्णांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“काय गं?”

सुलक्षणाने सगळं आधीच बघून ठेवलं होतं. धुळ्यात नमुने जमा करायचं केंद्र उघडायला लॅबचे मालक तयार होते. ती ते चालवणार, आठवड्यातून दोन दिवस जळगावला येणार, त्या दोन रात्री पिंप्राळ्यात राहणार. तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. अण्णा ऐकत राहिले.

“मी आडवा येणार नाही,” शेवटी ते म्हणाले. “पण मागच्या वेळेसारखी धावपळ माझ्याच्याने होणार नाही. हौस नाही राहिली.”

हे ‘हो’ होतं की काय, ते नवलला नीट कळलं नाही. पण यशोदाबाईंनी झुलालआबांच्या बशीत आणखी शेव वाढली, आणि आबांनी जाणलं की जमलं.

लग्न वावरातच करायचं, हे सुलक्षणाचं म्हणणं. जळगावात मागच्या वेळी ठरलेला हॉल तिच्या रोजच्या रस्त्यावर होता. तो नको, आणि त्याच्यासारखा दुसराही नको. एप्रिलच्या शेवटी हरभरा निघून वावर मोकळं झालं होतं. विहिरीशेजारी मांडव पडला, कापडाचे तीन थर देऊन, कारण ऊन बेचाळीसच्या वर होतं. मुहूर्त अकरा वाजून पाच मिनिटांचा. जळगावची मंडळी सकाळी सहाला बसने निघणार, म्हणजे नऊपर्यंत पोचणार.

नऊ वाजले. साडेनऊ झाले. दहा वाजता बँडवाल्यांनी एकदा वाजवून पाहिलं आणि थांबले. नवल मुंडावळ्या बांधून खुर्चीवर बसला होता. हळदीचा अंगाला वास येत होता आणि पाठीवरून घाम वाहत होता. साडेदहाला गुरुजींनी घड्याळ बघितलं. पावणेअकराला मांडवाच्या टोकाला कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, रस्त्यात काही झालं असेल. कुणीतरी हळूच म्हणालं, त्या मुलीचं मागेही एकदा मोडलंय म्हणतात. नवलला ते ऐकू आलं.

त्याच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. तिने विचार बदलला असेल. बदलू शकते, तिचा हक्क आहे, असं तो स्वतःला सांगत होता. अण्णांनी शेवटच्या क्षणी बस वळवली असेल. अपघात झाला असेल, या विचारावर तर त्याने मनाला टेकूच दिलं नाही.

झुलालआबा रस्त्याला जाऊन उभे राहिले होते. मधून एकदा परत येऊन म्हणाले, “येतीन रे. रस्ताना काय भरोसा ऱ्हास?” आणि लगेच पुन्हा रस्त्याकडे गेले.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली, आणि गेली. गुरुजी पंचांग उघडून बसले.

तेवढ्यात महामार्गावरून एक ट्रक वळला. रावेरकडून केळी घेऊन जाणारे ट्रक त्या रस्त्याने नेहमीच जातात, त्यामुळे कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. पण हा ट्रक खडखडत थेट वावराच्या वाटेला लागला, आणि त्याच्या केबिनच्या खिडकीतून गुलाबी फेट्याचं शेपूट फडफडत होतं.

“उनी!” झुलालआबा रस्त्यावरून ओरडले. “उनी रे पोर! उनी!”

ट्रक मांडवापाशी थांबला. आधी शालिग्रामअण्णा उतरले. फेटा सुटलेला, नवा सदरा घामाने चिकटलेला, एका गुडघ्यावर ग्रीस. मग यशोदाबाई. आणि त्यांच्यामागे पिवळ्या शालूत, मुंडावळ्या एका कानात अडकलेल्या, सुलक्षणा. तिने ड्रायव्हरचा हात धरून खाली उडी टाकली. ट्रकवर केळीच्या घडांना टेकून दहा-बारा पाहुणे बसले होते, तेही एकेक उतरू लागले.

नवल सगळ्या रीती सोडून पुढे धावला. “काय झालं? लागलं का कुणाला?”

“पारोळ्याच्या अलीकडे बसचं चाक फुटलं,” अण्णा म्हणाले. “स्टेपनीही बसलेली, पंक्चरवाला शोधण्यातच दोन तास गेले. आणि तुम्ही फोन का उचलत नाही जावईबापू? अकरा वेळा केला.”

नवलने खिशाकडे हात नेला. नवरदेवाच्या कपड्यांना खिसाच नव्हता. फोन हळदीच्या वेळी काढलेल्या सदऱ्यात, घरात खुंटीवर टांगलेला. कपाळावर हात मारून तो तिथेच उभा राहिला. आजूबाजूचे हसायला लागले, आणि तासभर मांडवावर बसलेलं दडपण त्या हसण्यातच उडून गेलं. एका म्हाताऱ्या आत्याला हसता हसता रडू फुटलं.

यशोदाबाईंनी बाजूला घेऊन नवलला सांगितलं. पंक्चरवाला मिळेना तेव्हा सगळे म्हणाले, दुसरी गाडी मागवू, दोन तास लागतील, मुहूर्त काय पुढे ढकलता येतो. अण्णा काही बोलले नाहीत. बसमधून उतरले आणि फेटा बांधलेल्या अवस्थेत रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभे राहिले. दोन गाड्या कट मारून गेल्या. तिसरा हा ट्रक थांबला.

“मी ओरडले, अहो मराल!” यशोदाबाई म्हणाल्या. “तर म्हणतात, तिकडे लोक वाट बघताहेत. मागच्या वेळी लग्नाच्या अठरा दिवस आधी आपण फोन घेतला होता, तो मनाला कसा लागतो मला माहीत आहे. आज आपल्यामुळे कुणाला तसं बसायला लागू नये.”

नवलने अण्णांकडे पाहिलं. ते ट्रकच्या ड्रायव्हरला हाताला धरून जेवायला नेत होते. ड्रायव्हर म्हणत होता, माल खराब होईल, आणि अण्णा म्हणत होते, पंधरा मिनिटांत काही होत नाही, गोड खाऊन जा. माणूस तीन वर्षांनी असा मोठ्या आवाजात बोलत होता.

गुरुजींना बारा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त सापडला. सापडला की काढला, ते त्यांनाच ठाऊक. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. बँडवाल्यांनी साठवलेला सगळा दम एकदम बाहेर काढला. बेबाबाई बायांना घेऊन पंगतीत वाढत होती आणि वाटेत येईल त्याला वांग्याच्या भाजीचा आग्रह करत होती. झुलालआबा आणि शालिग्रामअण्णा एकाच खाटेवर निंबाखाली बसले. आबा खान्देशीत, अण्णा शाळेतल्या मराठीत, दोघं एकाच वेळी बोलत होते आणि दोघांनाही सगळं समजत होतं.

दुपारी दोनच्या सुमारास नवरानवरी खुर्च्यांवर बसले. लोक भेटायला रांगेने येत होते. सुलक्षणा पहाटे तीनपासून उठलेली, ट्रकमधून धक्के खात आलेली. तिसऱ्या-चौथ्या पाहुण्याला नमस्कार करून ती मागे टेकली, आणि नवलला वाटलं ती काहीतरी सांगणार आहे, म्हणून त्याने कान पुढे केला. ती झोपली होती. मान हळूहळू कलली आणि त्याच्या खांद्यावर येऊन टेकली. मुंडावळ्यांचे मोती त्याच्या गळ्याला टोचत होते.

फोटोवाला म्हणाला, “वहिनींना उठवा ना, सगळे थांबलेत.”

“नको,” नवल म्हणाला. “झोपू दे.”

मग पुढे येणाऱ्या प्रत्येकाला तो ओठांवर बोट ठेवून खूण करत होता, उजव्या हाताने नमस्कार घेत होता आणि डावा खांदा जराही हलू देत नव्हता. लोक पायांचा आवाज न करता येत, दोघांकडे बघून हसत आणि चवड्यांवर परत जात.